अर्धवट राहिलेली पदवी अमेरिकेत ऑनलाइन पूर्ण करताय? मग या चुका टाळा

"माझी ९० क्रेडिट्स घेतली विद्यापीठाने, आता ३०च उरली." फोनवर हे वाक्य आलं की पुढचं ऐकायच्या आधी मी विचारते, "कुठल्या खान्यात बसली?" बहुतेकांना हा प्रश्नच नवा असतो. (क्रेडिट म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांचा अभ्यास मोजायचं एकक.)

बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली आणि लग्न होऊन मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत आले. राहिलेली पदवी इथलं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज), क्लेप परीक्षा (वर्गात न बसता क्रेडिट्स मिळवून देणारी) आणि एक ऑनलाइन विद्यापीठ अशा तीन तुकड्यांतून पुरी केली. तेव्हापासून ओळखीतून ओळख निघते आणि माणसं आपापली कागदपत्रं घेऊन येतात. चुका मात्र त्याच त्याच. त्यातल्या दोन चुकांमध्ये हजारो डॉलर आणि कधी अख्खं वर्ष जातं. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते, बाकीच्या थोडक्यात.

"स्वीकारली" म्हणजे "मोजली" असं धरून चालणं

इथली बॅचलर्स पदवी साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट्सची असते. पण सगळी क्रेडिट्स एकाच पिशवीत पडत नाहीत. जनरल एज्युकेशनचं एक खानं, मेजरचं म्हणजे मुख्य विषयाचं दुसरं, आणि फ्री इलेक्टिव्हचं, म्हणजे काहीही चालेल असं तिसरं. विद्यापीठ म्हणतं "आम्ही तुमची ९० क्रेडिट्स घेतो", तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की ती त्यांच्या दप्तरी चढली. पदवीच्या अटींपैकी त्यातून किती अटी पुऱ्या झाल्या, हा वेगळा हिशेब आहे.

ओळखीतल्या एका ताईंचं उदाहरण देते. त्यांना बिझनेसची पदवी हवी होती. ४२ क्रेडिट्स जनरल एज्युकेशनची, ४८ मेजरची आणि ३० फ्री इलेक्टिव्हची, अशी त्या पदवीची मांडणी. भारतातलं अर्धवट शिक्षण आणि इथल्या दोन कॉलेजांतले विषय मिळून त्यांची ९० क्रेडिट्स घेतली गेली. घरात आनंदीआनंद. प्रवेश घेतला, पहिल्या सत्राची फी भरली आणि मग डिग्री ऑडिट, म्हणजे कुठलं क्रेडिट कुठल्या अटीत बसलं याचा तक्ता, हातात आलं. जनरल एज्युकेशनमध्ये ३६ बसली, मेजरमध्ये फक्त ९, आणि उरलेली ४५ सगळी फ्री इलेक्टिव्हमध्ये. त्या खान्यात जागा होती ३०ची. म्हणजे १५ क्रेडिट्स कागदावर आहेत, पण पदवीसाठी त्यांचा काही उपयोग नाही. ताईंच्या हिशेबाने ३० उरली होती, प्रत्यक्षात ४५. एका क्रेडिटला ३३० डॉलर फी होती, तेव्हा फरक झाला ४,९५० डॉलरचा. त्या रात्री त्या माझ्याशी बोलताना रडल्या. ज्याने त्यांना प्रवेश दिला तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्यांनी विचारायला हवा होता तो प्रश्न त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

त्या एकट्या नाहीत. अमेरिकी संसदेच्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली जो अहवाल दिला, त्यात २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली असा अंदाज आहे.

याच चुकीचा दुसरा पदर म्हणजे पातळी. १०० आणि २०० क्रमांकाचे विषय खालच्या पातळीचे, ३०० आणि ४०० चे वरच्या पातळीचे. पदवीसाठी वरच्या पातळीची ठरावीक क्रेडिट्स लागतातच. कम्युनिटी कॉलेजचे विषय खालच्या पातळीवर धरले जातात, मग त्यात कितीही कठीण शिकवलेलं असो. आणि जवळजवळ प्रत्येक विद्यापीठ म्हणतं की काही क्रेडिट्स आमच्याकडेच करा. ही अट बहुधा ३०ची असते, आणि काही ठिकाणी शेवटची ३०च तिथे करावी लागतात. स्वस्तातली क्रेडिट्स शेवटी उरकू म्हणणारे इथे अडकतात.

मी काय करते ते सांगते. विद्यापीठाच्या कॅटलॉगमधून त्या पदवीच्या सगळ्या अटी हाताने एका वहीत उतरवते, एका ओळीत एक अट. समोर लिहायचं: हे कुठून येणार, किती डॉलर, कोणी मान्य केलं, कोणत्या तारखेच्या ईमेलमध्ये. ईमेल नसेल तर ती ओळ मी रिकामी समजते. फोनवर "हो हो, चालेल" म्हणणारा सल्लागार पुढच्या सत्राला दुसऱ्या नोकरीत असतो, आणि त्याच्या शब्दाचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. तयार एक्सेल शीट माझ्याकडे बरेच जण मागतात. मी देत नाही. हाताने उतरवताना कॅटलॉग वाचावा लागतो, आणि तो वाचणं हाच निम्मा अभ्यास आहे.

आधी स्वस्त कोर्सेस, मग विद्यापीठ

हे मला सगळ्यात जास्त सलतं, कारण यात मेहनती मुलं फसतात. सोफिया, स्टडी डॉट कॉम अशा ठिकाणी महिन्याची वर्गणी भरून आपल्या गतीने विषय संपवता येतात. त्यांच्या अनेक विषयांना एसीई, म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची क्रेडिट शिफारस असते. एसीई शिफारस करते, पण ती मानायची की नाही हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं.

एक तरुण माझ्याकडे आला, दिवसा नोकरी, रात्री अभ्यास. दोन महिन्यांत त्याने १४ विषय संपवले होते. ४२ क्रेडिट्स! झोप सोडून केलेलं काम होतं ते, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचा अभिमान दिसत होता. त्याला घराजवळच्या सरकारी विद्यापीठातून अकाउंटिंग करायचं होतं. मी त्यांच्या संकेतस्थळावर ट्रान्सफरच्या, म्हणजे बाहेरची क्रेडिट्स घेण्याच्या नियमांच्या, पानावर बघितलं. एसीई शिफारशीची क्रेडिट्स ते अजिबात घेत नव्हते. एकही नाही. त्याने विचारलं, "मावशी, कुणाला तरी भेटून काही होईल का?" आम्ही भेटलो. काही झालं नाही. शेवटी ती क्रेडिट्स घेणारं दुसरं विद्यापीठ मिळालं, पण तिथे अकाउंटिंग नव्हतं. त्याने जनरल बिझनेस घेतलं. पुढे सीपीए (इथला परवानाधारक हिशेबनीस, आपल्याकडच्या सीएसारखा) व्हायचं झालं तर अकाउंटिंगचे विषय त्याला वेगळे करावे लागतील.

सुरुवात करायच्या आधी एक ईमेल, फक्त एक, पाठवली असती तर हे टळलं असतं. "आधी करून ठेवतो, कुठे ना कुठे चालतीलच" या घाईचा मला मनापासून राग येतो, आणि तो राग त्या मुलांवर कमी, तीन महिन्यांत पदवी अशी स्वप्नं दाखवणाऱ्या व्हिडिओंवर जास्त आहे. ते व्हिडिओ करणाऱ्याची पदवी, त्याचं विद्यापीठ आणि त्याचं वर्ष वेगळं असतं.

क्रम असा ठेवा: आधी पदवी, मग विद्यापीठ, मग त्यांचं ट्रान्सफर धोरण, आणि सगळ्यात शेवटी स्वस्त कोर्स. बाहेरची क्रेडिट्स मोकळ्या हाताने घेणारी विद्यापीठं खरोखर आहेत. न्यू जर्सीतलं थॉमस एडिसन स्टेट, न्यूयॉर्क राज्यातलं एक्सेल्सियर आणि कनेक्टिकटमधलं चार्टर ओक ही तिन्ही १९७१ ते १९७३ या दोन-तीन वर्षांत प्रौढ विद्यार्थ्यांसाठीच उभी राहिली. सदर्न न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटी बॅचलर्ससाठी ९० पर्यंत क्रेडिट्स घेते. पण तुम्हाला हवा तो विषय तिथे आहे का, हे आधी बघा.

क्लेपला तयारीशिवाय बसणं

क्लेप ही कॉलेज बोर्डाची परीक्षा माझी आवडती, कारण ९० मिनिटांत एका विषयाचा निकाल लागतो. गुण २० ते ८० मध्ये मिळतात आणि एसीईची शिफारस ५० गुणांना आहे. मॉडर्न स्टेट्स ही संस्था फुकट कोर्स देते आणि तो पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही. इतकं सोपं दिसतं म्हणून लोक सहज बसतात आणि ४६, ४७ वर नापास होतात. तीच परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं आणि सत्राचं सगळं गणित विस्कटतं. मी सराव परीक्षेत दोनदा आरामात पास झाल्याशिवाय तारीख घेत नसे.

जो विषय कॉलेजात झालाय त्याचीच क्लेप देऊ नका. एका विषयाची क्रेडिट्स दोनदा मिळत नाहीत.

भारतातल्या गुणपत्रिका

इथे माझी स्वतःची चूक सांगते. आल्या आल्या मी एका मूल्यांकन संस्थेकडून गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घेतलं, आणि घेतलं तेही नुसतं पदवीस्तराचं, विषयवार नाही. प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाने सांगितलं की विषयवारच लागेल आणि आमच्या यादीतल्या संस्थेचंच चालेल. दुसऱ्यांदा पैसे भरले. त्याहून वाईट म्हणजे भारतातून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट पुन्हा मागवावी लागली, त्यात अख्खं सत्र गेलं. वडील चार वेळा त्या कार्यालयात जाऊन आले.

म्हणून आधी विद्यापीठाला विचारा, मग मूल्यांकन संस्था निवडा. भारतात जाणं होणार असेल तर ट्रान्स्क्रिप्टच्या जादा सीलबंद प्रती आणि त्या वर्षांचा अभ्यासक्रम, शिक्क्यासह, घेऊनच या. "हा विषय आमच्या अमुक विषयासारखा आहे का" हा वाद अभ्यासक्रमाचा कागद दाखवूनच जिंकता येतो. मी रसायनशास्त्राची आठ क्रेडिट्स अशीच मिळवली.

ज्यांची तीन वर्षांची भारतीय पदवी पूर्ण आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: दुसऱ्या बॅचलर्सच्या मागे लागण्याआधी मूल्यांकन करून घ्या. काही संस्था ती तीन वर्षांचं शिक्षण मानतात, काही विशिष्ट अटींवर पूर्ण बॅचलर्स मानतात. तुम्हाला थेट मास्टर्सला प्रवेश मिळत असेल तर इथे दोन वर्षं का घालवायची?

सहा महिन्यांची सरसकट फी

वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी सहा महिन्यांची एकच फी असते, त्यात जमतील तितके विषय करा. आठवड्याला वीस तास असतील तर याहून स्वस्त काही नाही. घरात तान्हं बाळ आणि हातात पाच तास असतील तर हीच फी महाग पडते. स्वतःच्या वेळेबद्दल स्वतःशी खरं बोला. आणि अशा ठिकाणी बाहेरची क्रेडिट्स अभ्यास सुरू करायच्या आधीच पोचवा, नंतर दार बंद होऊ शकतं.

आता भराभर.

मान्यता तपासा, विद्यापीठाच्या जाहिरातीत नव्हे, अमेरिकी शिक्षण खात्याच्या यादीत. प्रादेशिक मान्यतेचा, म्हणजे अमेरिकेच्या एकेका विभागातल्या मान्यता संस्थांनी दिलेल्या मान्यतेचा, वेगळा दर्जा सरकारने २०२० पासून काढून टाकला असला तरी क्रेडिट घेताना बरीच विद्यापीठं अजून तो फरक करतात.

क्वार्टर क्रेडिट्स (वर्षाला तीन छोटी सत्रं असलेल्या कॉलेजांची) आणि सेमिस्टर क्रेडिट्स (वर्षाला दोन सत्रं असलेल्यांची) एक नव्हेत. ९० क्वार्टर म्हणजे ६० सेमिस्टर.

जुन्या कॉलेजचा ग्रंथालयाचा दंड आधी भरा. चाळीस डॉलरपायी ट्रान्स्क्रिप्ट अडकलेली मी पाहिली आहे.

ट्रान्सफरसाठी बहुधा सी ग्रेड तरी लागते. ए मिळालेली असली तरी ती नव्या विद्यापीठाच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) बहुधा येत नाही.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर इथे राहून पूर्ण ऑनलाइन पदवी करता येत नाही. एका सत्रात तीन क्रेडिट्सचा एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ शिक्षणात धरतात. एच-४ ला शिकायला ही आडकाठी नाही, पण अमेरिकी केंद्र सरकारची आर्थिक मदतही नाही. ग्रीनकार्डधारकांनी मात्र फाफ्सा, म्हणजे त्या सरकारी मदतीचा अर्ज, भरलाच पाहिजे. फक्त लक्षात ठेवा, भारतातली बॅचलर्स पूर्ण असेल तर पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळत नाही.

नोकरी असेल तर कंपनीला विचारा. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शैक्षणिक मदत करमुक्त असते आणि कितीतरी जण विचारतच नाहीत.

शेवटची चूक शेवटच्या सत्रातली. सगळी क्रेडिट्स पुरी झाली की पदवी आपोआप घरी येत नाही. ग्रॅज्युएशनचा अर्ज भरावा लागतो, त्याला मुदत असते, बऱ्याच ठिकाणी फीसुद्धा. एका बाईंचे सगळे विषय संपून दीड वर्ष झालं होतं. नोकरीच्या तपासणीत "पदवी प्रदान झालेली नाही" असं उत्तर आलं तेव्हा त्यांना कळलं. आम्ही त्याच संध्याकाळी अर्ज भरला, पण पदवीवर तारीख पडली ती अर्ज भरला त्या वर्षीची.