ईस्टरआधी धान्य गोळा करताय? मग तांदळाची पोती जरा आवरा

दरवर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की चर्चच्या मंडळीत कोणीतरी उठून म्हणते, यंदा गरिबांसाठी धान्य जमवू, सगळे हौ हौ करतात, आणि झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वेदीसमोर काय जमा होते तर तांदूळ, तांदूळ अन् अजून तांदूळ. आमचंही पहिल्या वर्षी तेच झालं. पाच किलोची थैली घेऊन एका मावशीकडे गेलो तर ती हसलीच, म्हणे बाई तांदूळ तं रेशनचा पडून आहे, वरण कशाचं करू?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रेशनवर प्राधान्य कार्डाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, अंत्योदयला घरामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. अडते ते दाळ, तेल, तिखट, साखर-चहापत्ती, साबण इथं. म्हणून पहिला नियम हा की रेशनवर जे येत नाही ते गोळा करा. तांदूळ फक्त ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांच्यासाठी, आणि तोही एचएमटी नाहीतर जय श्रीराम वाणाचा, घरी आपण जो खातो तोच. जुना, सोंडे पडलेला तांदूळ देवाच्या नावानं खपवायचा नाही.

तारखेचं गणित आधी करून घ्या कारण ईस्टर हलतो, २०२६ ला ५ एप्रिल, २०२७ ला २८ मार्च. राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागतो, तिथून ईस्टरपर्यंत ४६ दिवस मिळतात, म्हणजे सहा रविवार. आम्ही प्रत्येक रविवारला एक वस्तू ठरवून देतो. पहिल्याला मीठ-तिखट-हळद, मग साखर-चहापत्ती, मग तुरीची दाळ, मग पोहे आणि सोयाबीन वडी, पाचव्याला साबण-कोलगेट, आणि तेल एकदम शेवटी. काहून शेवटी? कारण एकदा आम्ही तेलाचे पाउच आधीच घेऊन ठेवले, वरून दाळीचा कट्टा टेकवला, खालचा पाउच फुटला आणि हॉलच्या कोपऱ्यात साखर, चहापत्ती, फरशी सगळं एकजीव. संडे स्कूलचे पोट्टे त्यावरून घसरगुंडी खेळून राहिले होते. तेव्हापासून तेल वेगळ्या टबात, उभं ठेवून, आणि घरोघरी द्यायच्या किटमध्ये सगळ्यात वर.

दाळ किती? माणशी दिवसाला ५० ग्रॅम धरा, चौघांना २०० ग्रॅम, म्हणजे २ किलोत दहा दिवस निघतात. चाळीस घरं असली तर ८० किलो. एवढी दाळ लोकांच्या घरून अर्धा-अर्धा किलोनं आली की एक पिवळी, एक पॉलिश मारलेली, एक गेल्या वर्षीची, सगळा गोपाळकाला होतो. त्यापेक्षा दाळीसाठी पैशाचं पाकीट ठेवा आणि दोघांनी नागपूरच्या इतवारी बाजारात जाऊन ठोक भावात कट्टे आणा. नवीन तूर तोवर बाजारात आलेली राहते. कट्टा तिथंच उघडून मूठभर हातात घेऊन बघा, खडे, किडे, लाखोळीच्या दाळीची मिसळ. लाजायचं नाही. बिल घ्या आणि रविवारी नोटीस बोर्डावर लावा, निम्मी कुजबुज तिथंच संपते.

यादी चर्चमध्ये उभं राहून बनवू नका, "कोणाला गरज आहे हात वर करा" असं केलं तर ज्याला खरी गरज आहे तो हात खिशातच ठेवील. अंगणवाडीच्या ताई, कॉटेज मीटिंगचे म्हणजे घरोघरी प्रार्थनेला जमणारे गट, आणि मंडळीतल्या ज्या बाया घरकामाला जातात त्यांना विचारा, त्यांना बरोबर माहीत राहते कोणाची चूल पेटली नाही. यादीत धर्माचा रकाना नकोच. आणि छत्तीसगड, बालाघाटकडून बांधकामावर आलेल्यांचं कार्ड गावाचं असलं तरी इथल्या रेशन दुकानात त्यावर धान्य मिळते, एखाद्यानं सोबत जाऊन तेवढं करून दिलं तर ते किटपेक्षा जास्त पुरते.

मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या बाहेर पेशंटचे नातेवाईक बसून राहतात, गडचिरोली-चंद्रपूरहून आलेले, त्यांना कच्ची दाळ देऊन काय फायदा? त्यांना फुटाणे, गूळ, मुरमुरे, बिस्किटं आणि पाण्याची बाटली. शिजवलेलं द्यायचं असलं तर सकाळी करून सकाळीच वाटा, एप्रिलच्या उन्हात दुपारी भात आंबते.

फोटो नाही म्हणजे नाही. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये हे आपण वाचतो आणि मग किट धरून ग्रुपफोटो टाकतो, कसं दिसते ते? किटमध्ये पत्रकंही टाकत नाही आम्ही, यावर वाद झाला होता पण पाळकसाहेबांनीच मिटवला, म्हणे आधी जेवू द्या.

आणखी एक. कोणीतरी चॉकलेटची ईस्टर एग्ज सुचवतेच. नागपुरात त्या दिवसांत त्याचं पातळ पिठलं होते. त्याऐवजी शनिवारी संध्याकाळी कोंबडीची अंडी आणा, घरटी सहा, भुशात नाहीतर पेपरात गुंडाळून, आणि किट आधीच पोहोचवली असली तरी अंडी रविवारी पहाटेच्या उपासनेनंतर ऊन चढायच्या आत द्या. अंडी आणण्याआधी विचारून घ्या, काही घरी चालत नाहीत, तिथं फल्लीदाणे.