प्रदक्षिणा घालताना या चुका टाळा: देव उजवीकडे, पण पहिलं पाऊल डावीकडे

देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी चूक होते ती पहिल्याच पावलाला. ‘उजवी घालायची’ एवढंच लक्षात राहतं आणि देवासमोर उभा असलेला माणूस स्वतःच्या उजवीकडे वळतो. तसं वळलं की गाभारा डाव्या हाताला येतो आणि फेरी उलटी पडते. देवाकडे तोंड करून नमस्कार करा आणि आपल्या डाव्या हाताच्या बाजूने निघा. दोन पावलांत गाभाऱ्याची भिंत उजव्या खांद्याशी आली पाहिजे. पितृकर्मात जानवं अपसव्य करतात, म्हणजे उजव्या खांद्यावर घेतात, आणि दिशाही उलटते, म्हणूनच देवळातली उलटी फेरी जाणत्यांना खटकते. अर्ध्यात चूक लक्षात आली तर गर्दीला आडवं जाऊन मागे फिरू नका. फेरी पुरी करून समोर या, ती मोजू नका आणि नव्याने सुरुवात करा.

सगळ्यात जास्त गोंधळ शंकराच्या देवळात होतो. पिंडीवरचं पाणी शाळुंकेतून, म्हणजे पिंडीच्या बैठकीतून, ज्या वाटेने बाहेर जातं ते सोमसूत्र. ते ओलांडायचं नाही, म्हणून शिवाला अर्धीच प्रदक्षिणा. नंदीपासून डावीकडून निघा, सोमसूत्रापाशी थांबा आणि आल्या वाटेने नंदीपर्यंत परत या. काही देवळांत यानंतर दुसऱ्या बाजूनेही सोमसूत्रापर्यंत जाऊन परततात. तिथे गुरवाला विचारा आणि त्या देवळाची रीत पाळा.

‘अर्धी’ या शब्दामुळे अनेक जण देवळाच्या बरोबर मागे पोचून वळतात. तसं नाही. सोमसूत्र बहुधा उत्तरेला असतं. पूर्वाभिमुख देवळात त्यामुळे जवळजवळ पाऊण फेरी चालावी लागते. पश्चिमाभिमुख देवळात मात्र पाव फेरीतच वाट संपते. इतक्या लवकर कसं आलं, असं वाटून लोक ते ओलांडून पुढे जातात. निघण्याआधी बाहेरून भिंतीतलं, हे पाणी जिथून पडतं ते गोमुख किंवा मकरमुख पाहून ठेवलं तर हा घोळ होत नाही. सोमसूत्र दगडाने, लाकडाने किंवा पानांनी झाकलेलं असेल तर ओलांडायला दोष नाही, असं शास्त्रवचन आहे.

परतताना समोरून येणाऱ्यांशी टक्कर होते, ती आतल्या भिंतीला धरून परतल्यामुळे. जाताना आणि येतानाही आपल्या उजव्या हाताची बाजू धरा. जाताना ती गाभाऱ्याकडची असते, येताना बाहेरची. नंदी आणि पिंडी यांच्या मधून आडवं जाऊ नका.

बरोबर वडीलधारं माणूस असेल तर? मानाची वस्तू आणि मानाचं माणूस उजवीकडे ठेवायचं, हीच जुनी रीत. वाटेत गाय, देवमूर्ती, ओळखीचा मोठा वृक्ष आला तर तो उजवीकडे ठेवून पुढे जावं, असं स्मृतींत आहे. प्रदक्षिणेत आजींना भिंतीच्या बाजूला घ्या, तुम्ही त्यांच्या डावीकडे अर्धं पाऊल मागे राहा. त्यांना भिंतीचा आधार मिळतो आणि धक्का आधी तुम्हाला लागतो. घाईने पुढे जायचं असेल तर बाहेरच्या बाजूने जा. भिंत आणि माणूस यांच्यामधून घुसण्यात अपमान आहे आणि तोल जाण्याची भीतीही. वाट कुणाला द्यायची हेही स्मृतींनी सांगून ठेवलंय: रथातला, नव्वदीच्या पुढचा, आजारी, ओझं वाहणारा, स्त्री, स्नातक (गुरूकडचं अध्ययन पुरं केलेला), राजा आणि नवरदेव.

देवळाबाहेर, पदपथ नसलेल्या रस्त्यावर, उजव्या कडेने समोरच्या गाड्या पाहत चाललात तर हीच मांडणी कामी येते: आजी उजवीकडे कडेला, तुम्ही डावीकडे गाड्यांच्या बाजूला. डाव्या कडेने जावं लागलं तर मात्र मान विसरा, आजींना डावीकडे घ्या. गाड्यांच्या बाजूला तुम्हीच हवेत.

फेऱ्यांची संख्याही सरसकट नाही. परंपरेने देवीला 1, गणपतीला 3, विष्णूला 4, सूर्याला 7. सोमवती अमावस्येला पिंपळाला 108 घालतात. तिथे आकडा डोक्यात ठेवू नका. 108 शेंगदाणे किंवा बत्तासे मोजून घ्या आणि प्रत्येक फेरीला एक वाहा.

वटपौर्णिमेला सुताचा गुंता होतो, कारण रीळ डाव्या हातात धरलेलं असतं. झाड उजवीकडे असतं, त्यामुळे दोरा अंगावरून आडवा जातो आणि पदरात अडकतो. रीळ उजव्या हातात, कमरेच्या उंचीवर धरा आणि सूत किंचित ताणलेलं ठेवा. सूत कापसाचंच घ्या. नायलॉनचा दोरा कुजत नाही आणि सालीत रुततो.

घरी देवघराभोवती जागा नसेल तर जागच्या जागी स्वतःभोवती फिरतात. इथे मात्र उजवीकडेच वळायचं, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. देवळात डावीकडून निघायची सवय झालेल्यांचा पाय नेमका इथे चुकतो.