काकांचा गणपती फरफटतो तेव्हा

लालबागच्या एका छापखान्यासाठी मी वर्गणीची पावतीपुस्तकं आणि अहवालांची मुखपृष्ठं जुळवायचं छोटं सॉफ्टवेअर लिहिलंय. सी-शार्प भाषा, खिडक्या-बटणांसाठी विंडोज फॉर्म्स, चित्रं काढायला विंडोजची जीडीआय-प्लस लायब्ररी. मुखपृष्ठावरचं गणपतीचं चित्र माउसने ओढून हवं तिथे बसवता येतं. ऐन सीझनमध्ये छापखानेवाल्या काकांचा फोन आला : "अरे, तुझा गणपती माउसच्या मागून फरफटत येतोय. मंडळाची पोरं हसतायत."

डोंबिवलीहून चिंचपोकळी येईपर्यंत काकांना नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला लावायचं मी ठरवूनही टाकलं होतं. बरं झालं, बोललो नाही. जीडीआय-प्लसचं बहुतेक काम सीपीयूच करतो; कार्ड नुसतं बसून राहिलं असतं.

म्हणून आधी मोजा. ऑन-पेंटच्या, म्हणजे खिडकी रंगवणाऱ्या फंक्शनच्या, सुरुवातीला आणि शेवटी स्टॉपवॉच लावा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. त्यात बसला नाहीत की हालचाल अडखळलीच.

माझं घोडं पेंड खात होतं ते असं. ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) ए-फोर पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर जवळपास ३५ एमबी. माउस जरा हलला की हे अख्खं पान हाय-क्वालिटी बायक्यूबिक या सुबक पण संथ पद्धतीने लहान करून पडद्यावर जात होतं. काका जुने खिळ्यांच्या काळातले, फर्म्यात खिळे जुळवून पान छापणारे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तू दर छाप्याला फर्मा नव्याने जुळवतोस?" अगदी तेच.

तर फर्मा एकदाच जुळवा. हलणारं चित्र वगळून बाकी सगळं पडद्याच्या मापाच्या एका बिटमॅपमध्ये, म्हणजे मेमरीतल्या चित्रात, काढून ठेवा. हलणाऱ्या चित्राचीही त्याच मापाची प्रत करा. झूम बदलला तरच दोन्ही नव्याने बनवा. छपाईला अर्थातच मूळ पान.

या प्रतींचा फॉरमॅट '३२-बीपीपी-पी-एआरजीबी' ठेवा. मधल्या 'पी'कडे माझं बरीच वर्षं लक्षच नव्हतं. यात रंग पारदर्शकतेने आधीच गुणून ठेवलेले असतात, त्यामुळे काढताना दर पिक्सेलचा तो गुणाकार वाचतो. मागचा थर पूर्ण अपारदर्शक असेल तर त्याच्यापुरता कंपोझिटिंग मोड 'सोर्स-कॉपी' करा (खालच्या रंगात न मिसळता सरळ कॉपी). गणपतीला मात्र नको, मूर्तीभोवतीची पारदर्शकता जाईल.

इथे मी एकदा चांगलाच फसलोय. छोट्या प्रतीला मूळचं ३०० रिझोल्यूशन चिकटवलं आणि ड्रॉ-इमेजला नुसते एक्स-वाय दिले. मग जीडीआय-प्लस चित्र इंचांच्या हिशेबाने काढतं, म्हणजे गुपचूप पुन्हा लहान करतं. रुंदी-उंची पिक्सेलमध्ये स्वतः द्या.

ओढताना इन्व्हॅलिडेटला ('हा भाग पुन्हा रंगव' असं सांगणारा कॉल) पूर्ण खिडकी देऊ नका. चित्राची जुनी चौकट आणि नवी चौकट, एवढंच. डबल-बफर्ड चालू करा (आधी मेमरीत काढून मग एकदम पडद्यावर), लुकलुकणं थांबतं.

पिक्सेल स्वतः बदलायचे असतील, म्हणजे फोटो उजळ करणं वगैरे, तर गेट-पिक्सेल, सेट-पिक्सेल विसरा. प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळा कॉल, वेगळी तपासणी. लॉक-बिट्सने एकदाच मेमरी हातात घ्या, ओळीओळीने चाला आणि अनलॉक करायला विसरू नका. लॉक करताना बिटमॅपचाच फॉरमॅट मागा. दुसरा मागितलात तर आधी रूपांतर करून तात्पुरती प्रत बनते. ओळीची लांबी रुंदीवरून काढू नका, स्ट्राइड (मेमरीतली ओळीची खरी लांबी) वापरा. १३६६ पिक्सेलच्या चोवीस-बिटी चित्राची ओळ ४०९८ बाइटची भरते, पण ओळ ४ च्या पटीत लागते म्हणून स्ट्राइड येतो ४१००. हे दोन बाइट मी विसरलो, तेव्हा बाप्पा तिरके झाले होते. काकांनी हात जोडले, मला की बाप्पांना, कळलं नाही.

जुनी प्रत टाकताना डिस्पोज करा, म्हणजे तिची मेमरी लगेच सोडा. बिटमॅपची मेमरी गार्बेज कलेक्टरच्या (नको असलेली मेमरी आपोआप परत घेणाऱ्याच्या) हिशेबात नीट येत नाही, आणि काकांच्या मशीनवर अजून ३२-बिटी विंडोज आहे. तिथे एका प्रोग्रॅमला सहसा २ जीबीच जागा. ती संपली की 'पॅरामीटर इज नॉट व्हॅलिड' असा भलताच निरोप येतो आणि माणूस पॅरामीटर शोधत बसतो.

मशीन गणपतीनंतर बदलू म्हणतात. तीन गणपती झाले.