कॅव्हिअर पहिल्यांदा घेताय? डबा कसा निवडायचा, कसा उघडायचा, कसं खायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, कुठल्याही माशाची गाबोळी मिठात घातली म्हणजे कॅव्हिअर झालं असं नाही. नुसतं कॅव्हिअर म्हटलं की ती स्टर्जन माशाचीच अंडी, बाकी सामन, ट्राउट वगैरेंची असतील तर डब्यावर आधी त्या माशाचं नाव यायला हवं. सुशीवर जे बारीक केशरी कुरकुरीत दाणे असतात ते उडत्या माशाचे, टोबिको म्हणतात त्याला, मस्त लागतात पण ती वस्तूच वेगळी. आणि परदेशात सुपरमार्केटमध्ये एकदम स्वस्तातली काळीकुट्ट बाटली दिसली तर ते बहुतेक रंग दिलेलं लम्पफिश असतं, उकडलेल्या अंड्यावर ठेवलं की काळा रंग सोडायला लागतं.

महाग का, हे माहीत असेल तर खरेदी नीट होते म्हणून सांगतो. बेलुगा या स्टर्जनच्या जातीच्या मादीला अंड्यावर यायला १५ वर्षं तरी लागतात, कधी त्याहून जास्त, तोपर्यंत मासा नुसता पोसायचा. कॅस्पियन समुद्रातले हे मासे अंडी घालायला व्होल्गा नदीत वर जायचे, तिथे धरणं झाली आणि वाट अडली, मग १९९१ ला सोव्हिएत युनियन फुटल्यावर चोरट्या मासेमारीला धरबंधच उरला नाही. शेवटी १९९८ पासून स्टर्जनच्या सगळ्या जाती सायटिस करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आल्या, म्हणजे देशाबाहेर माल पाठवायचा तर परमिट लागतं, आणि २००५ मध्ये अमेरिकेने बेलुगाची आयातच बंद केली. गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात डेलावेअर नदीत एवढे स्टर्जन होते की दारूच्या गुत्त्यांमध्ये कॅव्हिअर फुकट ठेवायचे, खारट खाल्लं की गिऱ्हाईक बिअर जास्त पितं म्हणून. न्यू जर्सीत नदीकाठी एका गावाचं नावच कॅव्हिअर होतं. उपसून उपसून तो धंदा काही वर्षांत संपला. म्हणून मला वाटतं की हे खायचं असेल तर कुठून आलंय ते बघूनच खावं, नाहीतर खाऊ नये.

ते बघायचं कसं, तर डब्यावरचा कोड. प्रत्येक डब्यावर एक बारीक लेबल चिकटवलेलं असतं, डबा उघडला की ते फाटायला हवं, अख्खं निघून परत चिकटत असेल तर घेऊ नका. त्यावर तिरप्या रेघा मारून सहा गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली तीन अक्षरं माशाची जात, म्हणजे एचयूएस असेल तर बेलुगा, जीयूई म्हणजे ऑसेट्रा, एसटीई म्हणजे सेव्रुगा, बीएई म्हणजे सायबेरियन स्टर्जन. मग एक अक्षर, सी म्हणजे पाळलेला मासा आणि डब्ल्यू म्हणजे जंगली. डब्ल्यू दिसलं तर मी तरी डबा खाली ठेवीन. पुढे देशाचा कोड, मग वर्ष, मग पॅकिंग करणाऱ्या प्लांटचा नंबर आणि शेवटी लॉट नंबर. दुकानदार तोंडाने बेलुगा बेलुगा करतोय आणि लेबलवर बीएई लिहिलंय असं असेल तर तिथूनच परत फिरा.

देशाच्या जागी चीन दिसला तर नाक मुरडू नका प्लीज. आज जगात सगळ्यात जास्त कॅव्हिअर तिथेच होतं, झेजियांग प्रांतात छ्यानदाओ नावाचं मोठं सरोवर आहे, तिथलं कालुगा जातीचं कॅव्हिअर पॅरिसच्या मोठमोठ्या रेस्टॉरंटमध्ये वाढतात. इराणचं नाव ऐकून लोक जास्त पैसे मोजतात, तिथली परंपरा खरोखर मोठी आहे, पण तिथेही मध्ये एक काळ असा होता की १९७९ च्या क्रांतीनंतर हा मासा धर्माने चालत नाही म्हणून लोकांना खायला बंदी होती, कारण त्याला खवले नाहीत असं मानायचे. मग तज्ज्ञांनी तपासलं, शेपटीजवळ खवले सापडले आणि १९८३ मध्ये तिथले सर्वोच्च नेते खोमेनींनी फतवा काढून ते हलाल ठरवलं.

पहिल्यांदा घेताना ऑसेट्रा किंवा सायबेरियन घ्या, ३० ग्रॅमचा डबा दोघांना पुरतो. डब्यावर मालोसोल लिहिलेलं बघा, म्हणजे मीठ कमी, साधारण ३ ते ५ टक्के. युरोपमधल्या काही डब्यांवर ई २८५ असतं, ते बोरॅक्स, त्याने माल टिकतो आणि चव जरा गोडसर होते, अमेरिकेत ते चालत नाही. घरी आणल्यावर फ्रिजच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवायचं, दारात नाही आणि फ्रीझरमध्ये तर अजिबातच नाही, गोठलं की दाणे फुटतात आणि लगदा होतो.

खायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, एका वाडग्यात बर्फाचा चुरा घेऊन त्यात डबा बसवा आणि मगच झाकण उघडा. आता नीट बघा. दाणे एकमेकांपासून सुटे, चमकदार दिसले पाहिजेत, आणि डबा कलता केला तर खाली पाणी जमलेलं नसावं. वास समुद्राचा यावा, माशाचा भपकारा आला तर माल जुना. चमचा स्टीलचा किंवा चांदीचा नको, धातूची चव उतरते असं म्हणतात. शिंपल्याचा चमचा मिळाला तर उत्तम, नाहीतर लाकडी किंवा साधा प्लास्टिकचा चालतो, त्यात कमीपणा काही नाही.

पहिला घास कशासोबतच खाऊ नका. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागेवर, हाताच्या पाठीवर थोडंसं घ्या, व्यापारी माल असाच चाखून बघतात, आणि तोंडात टाकून दातांनी चावण्यापेक्षा जिभेने टाळूला दाबा. दाणा फुटतो आणि आधी मीठ, मग लोण्यासारखं काहीतरी, मग ऑसेट्रा असेल तर अक्रोडाची चव मागून येते. हात हुंगून बघा, चांगल्या मालाचा वास हाताला राहत नाही.

मग सोबत काय, तर रशियात ब्लिनी असते, बकव्हीटच्या पिठाची छोटी धिरडी. आपल्याकडे उपवासाचं कुट्टूचं पीठ मिळतं ते तेच, त्यात यीस्ट आणि दूध घालून होतात. एवढं करायचं नसेल तर व्हाइट ब्रेडच्या कडा कापून टोस्ट करा आणि वर बिनमिठाचं लोणी. रशियात न्यू इयरला घरोघरी असंच असतं, फक्त वर सामनची लाल अंडी, काळं सगळ्यांना कुठे परवडतं. सोबत सावर क्रीम घेतात, त्याऐवजी ताजा, आंबट न झालेला चक्का चालेल. उकडलेला बटाटा तर माझ्या मते सगळ्यात भारी. लिंबू, कांदा हे हलक्या मालाची चव झाकायला ठीक, चांगल्या डब्यावर पिळलंत तर पैसे वाया. पॅरिसमध्ये १९२० ला पेट्रोसियान बंधूंनी दुकान काढलं आणि तिथे हे शॅम्पेनसोबत रुजलं, रशियात थंडगार व्होडका. पीत नसाल तर साधा सोडा पुरे, गोड काही मात्र नको.

उघडलेला डबा दोन दिवसांत संपवा. थोडं उरलंच तर मऊ भुर्जी करा, मसाला न घालता, गॅस बंद करून ताटात घ्या आणि मग वरून कॅव्हिअर टाका. शिजवायचं नाही, गरम तव्यावर गेलं की दाणे कडक होतात आणि नुसता खारटपणा उरतो.