ऑकलंडला मुलांसह येताय? समुद्र नंतर, आधी शाळा आणि ऊन बघा

ऑकलंडला नोकरी पक्की झाली की बहुतेक मराठी कुटुंबांचा पहिला प्रश्न असतो, "समुद्राजवळ कुठे राहू?" पुण्यात किंवा नाशकात आयुष्य गेलेल्या माणसाला हा मोह होणारच आणि त्यात गैर काही नाही. मी नॉर्थ शोअरवर, म्हणजे हार्बर ब्रिजच्या उत्तरेकडच्या भागात, बरीच वर्षं राहतोय, मुलं इथेच वाढली. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो: या शहरात समुद्रासाठी घर निवडायची गरज पडत नाही. वायतेमाता आणि मानुकाऊ या दोन बंदरांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीभोवती ऑकलंड पसरलंय. सुट्टीच्या दिवशी जवळजवळ कुठल्याही उपनगरातून अर्ध्या तासाच्या आत कुठला ना कुठला किनारा गाठता येतो. शाळेचं तसं नाही. शाळा रोज गाठायची असते आणि ती कुठली मिळणार हे तुमच्या घराच्या पत्त्यावर ठरतं.

इथल्या बऱ्याच सरकारी शाळांना झोन असतो. झोनमध्ये राहणाऱ्या मुलाला शाळेला प्रवेश द्यावाच लागतो. झोनबाहेरच्यांसाठी जागा उरल्या तर चिठ्ठ्या टाकतात, आणि नावाजलेल्या शाळांत त्या फारशा उरत नाहीत. देणगी, ओळख, मोठ्या साहेबाचं पत्र यांपैकी इथे काहीही चालत नाही. चालतो तो भाडेकरार आणि त्याच पत्त्यावरचं विजेचं बिल. प्रवेशापुरतं झोनमध्ये घर दाखवायचं आणि लगेच दुसरीकडे जायचं, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. पत्ता केवळ प्रवेशासाठी घेतला असं दिसलं तर शाळा प्रवेश रद्द करू शकते, कायद्याने तिला तो अधिकार आहे. मूल नव्या देशात, नव्या वर्गात नुकतं रुळू लागलेलं असताना ही वेळ त्याच्यावर आणू नये.

नॉर्थ शोअरच्या पूर्व किनाऱ्यावर एका ओळीत गावं आहेत. दक्षिणेच्या टोकाला डेव्हनपोर्ट, मग टाकापुना, मिलफर्ड, कॅस्टर बे, कॅम्पबेल्स बे, मायरंगी बे, मरीज बे, ब्राउन्स बे, टॉरबे आणि उत्तरेला लाँग बे. माध्यमिक शाळा (इथे त्यांना कॉलेजही म्हणतात) ढोबळमानाने अशा: डेव्हनपोर्ट-टाकापुनाकडे टाकापुना ग्रामर, मिलफर्डच्या बाजूला वेस्टलेक बॉइज आणि वेस्टलेक गर्ल्स, मायरंगी बे-मरीज बेच्या भागात रंगीटोटो कॉलेज आणि टॉरबेकडे लाँग बे कॉलेज. रंगीटोटोत 3,000 हून जास्त मुलं आहेत. बुजऱ्या मुलाला एवढी मोठी शाळा मानवेल का, हा विचार निकालांच्या आकड्यांआधी करा. वेस्टलेकमध्ये मुलगे आणि मुली वेगळ्या शाळेत जातात, बाकीच्या तीन शाळा एकत्र आहेत. "ब्राउन्स बे म्हणजे अमुक शाळा" असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. झोनची रेघ रस्त्याच्या मधोमध जाते, कधी दोन झोन एकमेकांवर येतात, कधी रेघच बदलते. घराचा नेमका नंबर शाळेच्या वेबसाइटवरच्या नकाशात टाकून बघा आणि मगच घर बघायला जा.

मूल लहान असेल तर प्राथमिक शाळेचा झोन आधी बघा. पहिली ते सहावी प्राथमिक, सातवी-आठवी इंटरमिजिएट आणि नववी ते तेरावी कॉलेज अशी रचना बहुतेक ठिकाणी आहे. आठ वर्षांनंतरच्या कॉलेजसाठी आज आठवड्याला जास्त भाडं भरत राहण्यात अर्थ नाही, तोपर्यंत तुम्ही घर बदललेलं असेल. बहुतेक मुलं पाचव्या वाढदिवसाच्या आसपास शाळेत जायला लागतात, सहाव्या वर्षी जाणं सक्तीचं. शालेय वर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू होऊन डिसेंबरात संपतं. आपल्याकडच्या जूनच्या हिशेबाने आलात तर वर्षाच्या मधोमध येता. मुलांना ते जमतं, पण इयत्ता कुठली मिळेल हे शाळेशी आधी बोलून घ्या. तुमच्या वर्क व्हिसावर मुलांना स्थानिक विद्यार्थी धरतात की परदेशी, हेही तिकीट काढण्याआधी तपासा. पगाराची एक किमान अट असते, आणि परदेशी विद्यार्थी ठरलं तर फीमुळे सगळं गणित बदलतं.

पूर्वी शाळांना डेसाइल नावाचा 1 ते 10 असा आकडा असायचा. जुनी मंडळी अजून त्याच भाषेत बोलतात. 2023 पासून तो शाळांच्या निधीसाठी वापरत नाहीत, आणि तो शाळेच्या दर्जाचा आकडा कधी नव्हताच. विद्यार्थ्यांच्या घरची आर्थिक-सामाजिक स्थिती तेवढी त्यातून कळायची. त्यापेक्षा शाळेला फोन करून भेटीची वेळ मागा. सुट्टीत मुलं मैदानावर कशी वागतात ते बघा, नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोण सोबत करतं ते विचारा.

शाळेनंतर रस्ता. नॉर्थ शोअरला रेल्वे नाही. हार्बर ब्रिज, बस आणि मोजक्या फेरीबोटी, एवढ्यावरच शहराशी संबंध. 2008 साली सुरू झालेला नॉर्दर्न बसवे, म्हणजे फक्त बससाठीचा वेगळा रस्ता, उत्तम आहे, मोटरवे तुंबला तरी बस बाजूने निघून जाते. पण तो मोटरवेला लागून धावतो आणि समुद्र त्याच्या पूर्वेला काही किलोमीटरवर आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्या घरातून आधी स्थानिक बस, मग बसवे. ऑल्बनी आणि कॉन्स्टेलेशन या बसवेच्या स्थानकांवर पार्क अँड राइडमध्ये, म्हणजे गाडी ठेवून बस पकडायच्या जागेत, सकाळी उशिरा गेलं तर जागा मिळत नाही. डेव्हनपोर्टहून फेरी दहा-बारा मिनिटांत शहरात सोडते, म्हणून ऑफिस शहराच्या मध्यावर, क्वीन स्ट्रीटच्या आसपास असलेल्यांना ते फार सोयीचं. तिथून गाडीने बाहेर पडायचं तर मात्र लेक रोड हा एकच मोठा रस्ता, आणि त्याची सकाळची रांग सगळ्या शहराला ठाऊक आहे. व्हांगापराओआचे किनारे सुंदर आहेत, भाडंही त्या मानाने कमी, पण रोजचा प्रवास लांबचा. नोकरी विमानतळाकडे, पेनरोझला किंवा ईस्ट तामाकीला असेल तर नॉर्थ शोअरचा नाद सोडा आणि हाविक, बकलंड्स बीच, हाफ मून बे बघा. तिकडेही समुद्र आहे, मॅक्लीन्स कॉलेजसारखी शाळा आहे, आणि रोज दोनदा पूल ओलांडायला नको. मुलं संध्याकाळी सहाला जेवून आठला झोपतात. साडेसहाला घरी पोचणाऱ्या आई-बाबांना ती जेमतेम दीड तास भेटतात, हा हिशेब घर शोधतानाच करा.

आता घर. इथे बाकी सगळ्यापेक्षा उन्हाची दिशा महत्त्वाची, आणि आपली माणसं नेमकी तीच विसरतात, कारण आपण पूर्वाभिमुख दार शोधत वाढलेलो असतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. ज्या घराच्या बैठकीच्या खोलीला आणि मुलांच्या खोल्यांना उत्तरेच्या खिडक्या आहेत, ते हिवाळ्यात कोरडं राहतं. जूनमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 30 अंश वर असतो. समुद्राच्या बाजूचा उतार दक्षिणेकडे असेल किंवा मागे टेकडी असेल तर दुपारी लवकरच घर सावलीत जातं. असं घर फोटोत छान दिसतं आणि जुलैत मुलांचा खोकला थांबत नाही. घर बघायला जाताना फोनवरचं होकायंत्र उघडा. मुलांच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडून मागच्या भिंतीवर तळहात टेकवा. ओलसर गारवा लागला, कुबट वास आला, तर ते घर सोडा. पडदा उलटा करून अस्तर बघा, खिडकीच्या खालच्या चौकटीवर बोट फिरवा. काळे ठिपके पुसून नवा रंग दिलेला असला तरी अस्तरावर डाग राहतातच.

भाड्याच्या घरांसाठी हेल्दी होम्स नावाचे नियम आहेत आणि 1 जुलै 2025 पासून सगळ्या खासगी भाड्याच्या घरांना ते पाळावे लागतात. छताला आणि जमिनीखाली इन्सुलेशन, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा, आणि मुख्य खोलीत 18 अंशांपर्यंत ऊब देईल असा हीटर. यातला "मुख्य खोलीत" हा शब्द लक्षात ठेवा. मुलांच्या खोलीत हीटर द्यायला घरमालक बांधील नाही, ती सोय तुम्हालाच करावी लागते आणि विजेचं बिलही तसंच येतं.

भाडं आठवड्याचं सांगतात. त्याला चारने गुणून महिन्याचा खर्च काढू नका, वर्षाला आठवडे 52 असतात. बॉन्ड, म्हणजे डिपॉझिट, जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याएवढा घेता येतो आणि तो टेनन्सी सर्व्हिसेस या सरकारी खात्याकडे जमा व्हायला हवा, मालकाच्या खिशात राहता कामा नये. आल्या आल्या घर विकत घ्यायचा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या की 2018 पासून वर्क व्हिसावरच्या माणसाला इथलं तयार घर साधारणपणे विकत घेता येत नाही. पहिली काही वर्षं भाड्याचीच. कोकणात राहिलेल्यांना खाऱ्या वाऱ्याची सवय असते. बाकीच्यांनी किनाऱ्यालगतच्या पहिल्या दोन-तीन गल्ल्यांत सायकली, बार्बेक्यू आणि बिजागऱ्या गंजणार हे गृहीत धरावं.

पाण्याचा धोका समुद्राकडूनच येतो असंही नाही. 27 जानेवारी 2023 ला ऑकलंडमध्ये जो पाऊस झाला त्यात नॉर्थ शोअरवर सगळ्यात वाईट अवस्था झालेल्या भागांपैकी एक होता मिलफर्डच्या मागचा सखल वायराऊ व्हॅलीचा भाग. तिथे दोघांचा जीव गेला. कड्यावरच्या घरांना वेगळी भीती, माती खचण्याची. काउन्सिलचा पूरनकाशा सगळ्यांना मोफत बघता येतो. पत्ता टाकला की पावसाचं पाणी कुठून वाहतं ते निळ्या रंगात दिसतं. भाड्याचं घर असलं तरी हे बघाच, कारण रात्री खालच्या मजल्यावर झोपणारी मुलं तुमची असतात.

"समुद्राजवळ" असं जाहिरातीत लिहिलेलं असेल तर ओहोटीच्या वेळी जाऊन बघा. फोटो नेहमी भरतीचे असतात. पूर्व किनाऱ्यावर ओहोटीतही वाळू राहते आणि मुलांना खेळायला उलट जास्त जागा मिळते. बीच हेवन, हॉब्सनव्हिल आणि ते-अटाटू ही उपनगरं बंदराच्या आतल्या बाजूला येतात. तिथे पाणी ओसरलं की बराचसा चिखल आणि तिवरांची झाडी उरते. हॉब्सनव्हिल पॉइंट मुलांसाठी तरीही चांगलं आहे: नवी, उबदार घरं, चालत जायला शाळा, फेरी. फक्त तिथे रोज पोहायला मिळेल असं मनात धरून जाऊ नका.

पोहण्याबद्दल मात्र जीव तोडून सांगायचंय. आपल्या मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो जुहूला किंवा अलिबागला पाय भिजवण्यापुरता. नॉर्थ शोअरचे पूर्वेचे किनारे बेटांच्या आडोशाला असल्याने बऱ्यापैकी शांत असतात. पश्चिमेचे पिहा, मुरिवाई, कारेकारे हे काळ्या वाळूचे किनारे वेगळेच. तिथे पाण्याची आतली ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेते. लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. झेंडे नसतील तर त्या दिवशी वाळूवरच खेळायचं. लहान मूल हाताच्या अंतरावर हवं, अगदी गुडघाभर पाण्यातही. मुलांना पोहण्याच्या वर्गाला पहिल्याच टर्ममध्ये घाला, आणि आईबाबांना येत नसेल तर त्यांनीही शिकावं. मोठा पाऊस पडून गेला की गटारांचं पाणी समुद्रात येतं, म्हणून दोन दिवस पाण्यात जायचं नाही. कुठल्या किनाऱ्याचं पाणी आज कसं आहे ते सेफस्विमच्या वेबसाइटवर दिसतं, घरातून निघण्याआधी ते बघायची सवय लावा. आणि ऊन: आपली कातडी सावळी म्हणून काही होत नाही, हा समज सोडून द्या. उन्हाळ्यात इथली अतिनील किरणं फार तीव्र असतात. शाळांतही पहिल्या आणि चौथ्या टर्मला टोपी नसलेल्या मुलाला सावलीत बसवतात.

भारतीय किराणा आणि देवळं जास्त करून पुलापलीकडे, सँडरिंगहॅम आणि पापाटोएटोएच्या बाजूला. पण शोअरवरही डाळ, पोहे, साबुदाणा मिळतो, तेवढ्यासाठी उपनगर बदलू नका. ऑकलंड मराठी असोसिएशनचे कार्यक्रम असतात, तिथे मुलांना मराठी बोलणारे सवंगडी भेटतात. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी लांब जावं लागलं तरी चालतं.

आई-वडील काही महिन्यांसाठी येणार असतील तर घर निवडतानाच त्यांचा विचार करा. तुम्ही ऑफिसात आणि मुलं शाळेत गेल्यावर गाडी न चालवणारी दोन माणसं चढावरच्या घरात अडकून पडतात. मिलफर्ड, टाकापुना आणि ब्राउन्स बे या प्रत्येकाचा मध्यवर्ती भाग सपाट आहे. दुकानं, बाकं आणि किनारा चालत जाण्याच्या अंतरावर. टाकापुनाची लायब्ररी तर किनाऱ्यासमोरच आहे. घर छोटं मिळालं तरी चालेल, पण दारातून निघून रस्ता न चढता दुधाच्या दुकानापर्यंत जाता येतं का, हे स्वतः चालून बघा आणि मगच करारावर सही करा.