डाळिंबाच्या ग्रुपवर गुण कसे द्यायचे, भांडण कसं आवरायचं

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या डाळिंब उत्पादकांच्या ग्रुपवर कुणी "तेल्यावर (पानाफळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या रोगावर) काय मारू?" विचारलं की अर्ध्या तासात आठ उत्तरं येतात. त्यातलं कुणाचं ऐकावं हे नव्या बागायतदाराला कळावं, एवढ्याचसाठी गुण ठेवायचे. मानपानासाठी ठेवले तर वादाची सुरुवात तिथंच होते.

गुण माणसाला नाही, सल्ल्याला द्या. देणारा एकच: ज्यानं प्रश्न विचारला आणि तो सल्ला बागेत करून पाहिला तो. तेही लगेच नाही. फवारणीनं फरक पडला का हे दोन दिवसांत कळत नाही, मधे पाऊस झाला तर सगळंच फिरतं. पंधरा दिवसांनी ॲडमिननं त्याला विचारायचं, "उपयोग झाला का?" आणि शीटमध्ये तारीख, गाव, बहार (फुलोऱ्याचा हंगाम), सल्ला, निकाल असे पाच रकाने भरायचे.

नुसती बेरीज करू नका, नाहीतर दिवसभर बोलणाराच वर जातो. उपयोगी सल्ल्यांत 1 मिळवा, एकूण सल्ल्यांत 2 मिळवा आणि भागा. एकच सल्ला दिला न् तो लागू पडला तर 2/3, म्हणजे 67 टक्के. वीसपैकी अठरा लागू पडले तर 19/22, म्हणजे 86. एकदा नेम लागला म्हणून कुणी जाणत्याच्या वर बसत नाही. हिशेब मागच्या दोन हंगामांचाच धरा. औषध विक्रेत्यांनी उत्तरं जरूर द्यावीत, पण ते स्वतः विकतात त्या मालाचा सल्ला गुणांत धरू नका.

उणे गुण ठेवूच नका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर एखाद्या उत्तराला उणे मत दिलं की उत्तर देणाऱ्याचे 2 जातात आणि मत देणाऱ्याचाही 1 जातो, म्हणून हात जरा आखडतो. ठरवून नापसंतीचा मारा होतो म्हणून यूट्यूबनं 2021 मध्ये नापसंतीचा आकडाच झाकला. बातम्यांखालच्या प्रतिक्रियांवर 2014 मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की उणे मतं मिळालेला माणूस गप्प बसत नाही. तो जास्त लिहितो, आणखी वाईट लिहितो, इतरांनाही उणे मतं देऊ लागतो. आपल्याकडं तर हीच माणसं पुन्हा मार्केट यार्डात समोरासमोर येतात.

आता भांडण. बोलणं पानावरच्या डागावरून "तुला काय कळतं"वर आलं, की तिथंच थांबवा. टेलिग्रामवर स्लो मोड 5 मिनिटांवर टाका, म्हणजे एकाला पाच मिनिटांत एकच मेसेज टाकता येतो. व्हॉट्सॲपवर फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग तासभर ठेवा. ग्रुपवर न्यायनिवाडा करू नका, कारण बघणारे असले की माघार घेता येत नाही. दोघांना वेगवेगळा फोन करा. सोलापुरात पुष्कळदा मूळ एका शब्दात निघतं: आपल्यात "काय बे" ही सलगी, पण नाशिककडच्या वडीलधाऱ्या माणसाला ते लिहिलेलं दिसलं की शिवीसारखं लागतं. आवाज ऐकला की ते बहुतेक वेळा तिथंच मिटतं. मग दोघांकडून पानाचा, फळाचा फोटो आणि फवारणीची तारीख मागवा. चर्चा त्यावरच पुन्हा उघडा.

तरी एखादा आईबहिणीवर गेला तर 15 दिवस बाहेर. शीटमधले त्याचे जुने सल्ले आणि गुण मात्र पुसू नका, त्यावर कुणाची तरी बाग चालू असते.