बाळाचा पासपोर्ट कुठला काढायचा?

परदेशात नव्याने आलेल्या जोडप्याकडे पाळणा हलला की अभिनंदनाचे फोन थांबायच्या आत हा प्रश्न येतो. इथं बरीच वर्षं काढल्यामुळे तो फिरून फिरून माझ्याकडेही येतो, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: पासपोर्टाचं नंतर बघू, आधी बाळ कोणकोणत्या देशाचं नागरिक आहे ते शोधून काढा. नागरिकत्व कायद्याने मिळतं, बऱ्याचदा जन्मतःच, तुम्ही अर्ज केलेला असो वा नसो. पासपोर्ट हा फक्त त्याचा पुरावा.

आपला नागरिक कोण हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्याने ठरवतो, शेजाऱ्याला न विचारता. नागरिकत्वाबद्दलच्या १९३० च्या हेग कराराच्या पहिल्याच कलमात हे लिहिलं आहे. म्हणून जन्म एका देशात, आई दुसऱ्या देशाची आणि बाप तिसऱ्या देशाचा असेल तर एकाच बाळावर तीन देश हक्क सांगू शकतात. उलटही होतं, एकही देश सांगत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट, त्याबद्दल पुढे लिहिते.

ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांना २०१७ साली खासदारकी सोडावी लागली, कारण त्यांचे वडील न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि त्या नात्याने तेही न्यूझीलंडचे नागरिक निघाले. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. तिथल्या राज्यघटनेच्या ४४ व्या कलमानुसार दुसऱ्या देशाच्या नागरिकाला संसदेत बसता येत नाही. पुढे नागरिकत्व सोडून ते पोटनिवडणूक जिंकून परत आले, तो भाग वेगळा. उपपंतप्रधानाला जे कळलं नव्हतं ते तुमच्या दोन महिन्यांच्या बाळाबद्दल तुम्हाला सहज समजेल, अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. पण शोधायचं काम तुमचंच.

जन्म झालेल्या देशापासून सुरुवात करा. कॅनडा आणि अमेरिका जमिनीवर जन्मलेल्याला नागरिक मानत आले आहेत. अमेरिकेत त्याचा आधार १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आहे. जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना यातून वगळण्याचा आदेश निघाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर बाळंतपणाच्या वेळी काय स्थिती आहे ते वकिलाकडूनच समजून घ्या, मित्राच्या वहिनीकडून नको.

बाकीच्या देशांत नुसत्या जन्माने भागत नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून आई किंवा बाप ब्रिटिश किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेला लागतो. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून एक पालक नागरिक किंवा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना असलेला) हवा. जर्मनीत एका पालकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायमचा परवाना लागतो. जून २०२४ पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. यात एक गोष्ट बरेच जण विसरतात. ऑस्ट्रेलियात जन्मलेलं मूल पहिली दहा वर्षं तिथेच राहिलं तर दहाव्या वाढदिवसाला आपोआप नागरिक होतं. ब्रिटनमध्येही दहा वर्षांनी हक्क मिळतो, पण तिथे अर्ज करावा लागतो. म्हणून शाळेचे दाखले, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या नोंदी टाकू नका. मूल दहा वर्षं इथेच होतं हे सिद्ध करायला हेच कागद कामी येतात.

आता भारताची बाजू. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर.

परदेशात जन्मलेलं भारतीय आईबापांचं मूल आपोआप भारतीय असतं, हा समज जुना झाला. ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा आहे की जन्मानंतर एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदणी केली, तरच ते मूल वंशाने भारताचं नागरिक होतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि त्यात किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. नोंदणीच्या वेळी आईबापांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही.

हे वाक्य नीट वाचा. त्यात दुसऱ्या देशाचं नागरिकत्व नाही असं म्हटलेलं नाही, पासपोर्ट नाही असं म्हटलं आहे. म्हणजे कॅनडात जन्मलेलं बाळ कायद्याने कॅनेडियन असूनही भारतीय म्हणून नोंदवता येतं. नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमात याची पुढची पायरीही आहे: असं मूल सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व संपतं. म्हणजे साडेअठरा वर्षांपर्यंत दोन्ही नागरिकत्वं कागदावर नांदू शकतात.

कागदावर, असं मुद्दाम म्हटलं. अमेरिका आपल्या नागरिकाला अमेरिकन पासपोर्टावरच ये-जा करायला सांगते. कॅनडात २०१६ पासून दुहेरी नागरिकाला विमानाने परत यायला कॅनेडियन पासपोर्ट लागतो. तो काढला की वकिलातीला लिहून दिलेलं खोटं ठरतं. त्यामुळे या दोन देशांत जन्मलेल्या मुलांसाठी बहुतेक कुटुंबं तिथला पासपोर्ट आणि जोडीला ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) हाच रस्ता धरतात, आणि माझा सल्लाही तोच आहे.

काही जण दोन्ही पासपोर्ट काढून गुपचूप वापरतात. विमानतळावर त्याचं काय होतं ते सांगते. मुंबईहून परतताना चेक-इन काउंटरवर मुलाचा भारतीय पासपोर्ट पुढे केला की बाई अमेरिकेचा व्हिसा मागते. मग खिशातून अमेरिकन पासपोर्ट निघतो. बोर्डिंग पास मिळतो, पण पुढे इमिग्रेशनचा अधिकारी त्याच अमेरिकन पासपोर्टात भारतात आल्याचा शिक्का शोधतो आणि तो तिथे नसतो. मागे रांग, कडेवर रडणारं पोर, आणि तुम्ही दुसऱ्या पासपोर्टाची गोष्ट समजावून सांगताय. शिवाय भारताच्या नागरिकत्व नियमांनुसार भारतीय माणसाने परदेशी पासपोर्ट घेतला की तो परक्या नागरिकत्वाचा निर्णायक पुरावा धरला जातो. ही वाट नको.

आखाती देशांत जन्मलेल्या मुलांची गोष्ट नेमकी उलटी. तिथे जन्माने नागरिकत्व मिळत नाही. भारतीय नोंदणी हाच त्या बाळाचा एकमेव आधार, आणि ती केली नाही तर मूल कुठल्याच देशाचं राहत नाही. दुबईत किंवा मस्कतमध्ये बाळ झालं असेल तर बारशाच्या आधी जन्मदाखल्याच्या मागे लागा. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये नवीन असाल, अजून पीआर नसेल, तरी हेच लागू होतं.

पुढचा टप्पा तुम्ही स्वतः तिथले नागरिक होता तेव्हाचा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या नवव्या कलमानुसार स्वखुशीने दुसरं घेतलं की भारताचं तिथेच संपतं. जर्मनीने २०२४ मध्ये दुहेरीला सरसकट परवानगी दिल्यावर बऱ्याच आपल्या लोकांना वाटलं, चला, आता दोन्ही ठेवता येतील. जर्मनीची आडकाठी गेली, भारताची आहे तशीच आहे.

अशा वेळी भारतातून सोबत आणलेल्या मुलाचं काय होतं? अमेरिकेत मूल अठराच्या आतलं असेल, त्याचं ग्रीन कार्ड असेल आणि ते तुमच्या ताब्यात तुमच्यासोबत राहत असेल, तर तुम्ही शपथ घेता त्याच दिवशी तेही आपोआप अमेरिकन होतं. २००१ पासून तसा कायदा आहे. समारंभ नाही, प्रमाणपत्र घरी येत नाही. मूल मात्र जुन्या भारतीय पासपोर्टावर पुढची सुट्टी काढून येतं. तसं करू नका. अमेरिकन पासपोर्ट काढा, भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या आणि मग ओसीआयचा अर्ज करा. पालकाने रीतसर भारतीय नागरिकत्वाचा त्याग केला तर अल्पवयीन मुलाचंही जातं, पण सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत ते परत घेण्याची इच्छा त्याला जाहीर करता येते. ही खिडकी फार थोड्या मुलांना माहीत असते, कारण आईबाप सांगत नाहीत.

ओसीआय म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे, हेही मुलाला वेळेवर सांगा. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, वर काही सवलती. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येऊ शकते, म्हणून गावच्या सातबाऱ्यावरून उगाच घाबरू नका. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेपासून नीट आणि जेईईच्या प्रवेशात ओसीआय मुलांना अनिवासी भारतीयांबरोबर धरतात. फक्त भारतीय नागरिकांसाठी राखीव असलेल्या जागा त्यांना मिळत नाहीत. मुलीला भारतात एमबीबीएसला पाठवायचा विचार असेल तर हा हिशेब बारावीत नव्हे, आत्ता करा.

नावाचंही आत्ताच बघा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. एका देशाच्या जन्मदाखल्यात ते येतं, दुसऱ्याच्या पासपोर्टात गळतं, तिसरीकडे आडनावाला चिकटतं. जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच पुढे अक्षरशः सगळीकडे चालवा, स्पेलिंगसकट. दवाखान्यात कारकून फॉर्म पुढे करतो तेव्हा दोघांनी वाचून मगच सही करायची. नंतर दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि महिने लागतात.

जास्तीच्या नागरिकत्वाबरोबर जबाबदाऱ्याही येतात. अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही राहत असला तरी कराचं विवरणपत्र मागते. ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले आणि लहानपणीच तिथून गेले. पुढे लंडनचं घर विकल्यावर अमेरिकेने त्यांच्याकडे कर मागितला, आणि २०१६ मध्ये त्यांनी ते नागरिकत्व सोडलं. आपल्या घरांत हे वेगळ्या वाटेने येतं. आजोबा प्रेमाने अमेरिकन नातवाच्या नावे एफडी काढतात. अमेरिकेबाहेरच्या त्याच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की ती कळवावी लागते. आजोबांना नाही म्हणणं कठीण. एफडी त्यांच्याच नावावर ठेवून नातवाला नॉमिनी करा.

मुलगा असेल तर लष्करी सेवेचंही विचारून घ्या. अमेरिकेत १८ ते २५ वयाच्या मुलांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीच्या लष्करभरतीची वेळ आली तर वापरायच्या यादीत) नोंद लागते, दुहेरी नागरिकांचीही. सिंगापूरमध्ये आईबापांच्या पाठोपाठ पीआर मिळालेल्या मुलाला नॅशनल सर्व्हिस करावी लागते. पीआरचा अर्ज भरताना तो दोन-तीन वर्षांचा असतो, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही.

आणखी एक, कमी बोललं जाणारं. दोन देशांचा नागरिक त्यांपैकीच एका देशात अडकला, तर दुसरा देश सोडवायला येईलच असं नाही. हेग कराराच्या चौथ्या कलमात तेच आहे. दोन पासपोर्ट असलेल्या तरुणांना हे सांगितलं की ते हसतात.

मूल सोळाचं झालं की फाइल काढून त्याच्यासमोर बसा. जन्मदाखला, वकिलातीची नोंदणी, तुमची नागरिकत्वाची प्रमाणपत्रं, सरेंडर सर्टिफिकेट, जुने पासपोर्ट. कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे त्याने ठरवावं. तुम्ही फक्त तारखा सांगा. भारतीय नोंदणी असेल तर साडेअठरा. सिंगापूरमध्ये दोन्ही नागरिकत्वं असतील तर बाविसाव्या वाढदिवसाआधी. जपानमध्ये अठराच्या आत दुहेरी झालेल्याला विसाव्या वर्षाआधी एक निवडायला सांगतात. ओसीआय असेल तर विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टावर कार्ड नव्याने काढावं लागतं. तो अर्ज त्याला स्वतःला भरू द्या, पासवर्डसकट.